थंड कोठी, बिनविजेची!

नाशिकला वायनरी बघायला गेलो होतो. वाइन १२ ते १५ अंशांत ठेवावी लागते, त्यासाठी काही हौशी लोक घरीही यंत्राने थंड राखलेली खोली बांधतात म्हणे! मला आठवली ती आमच्या मोहोपाड्याच्या बाजारातली भाजीवाली मावशी. उन्हाळ्यात दुपार झाली की तिची कोथिंबीर माना टाकते, अन् संध्याकाळी निम्म्या भावात द्यावी लागते.

मैत्रिणींनो, तिच्यासाठीही थंड कोठी आहे, तीही बिनविजेची. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात ती तयार केली. सावलीत, वारा खेळेल अशा जागी कमरेएवढ्या उंचीच्या आत विटांचा दुहेरी भिंतींचा हौद बांधायचा. दोन भिंतींमधल्या साडेसात सेंटिमीटर फटीत वाळू भरायची. सकाळ-संध्याकाळ विटा-वाळू भिजवायची, वर ओल्या गोणपाटाचं झाकण. माठात पाणी गार होतं ना, तसंच हे! कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहतं.

आपली हवा दमट, त्यामुळे एवढा फरक पडणार नाही. पावसाळ्यात तर उपयोग नाहीच. पण उन्हाळ्यात पालेभाजी एखादा दिवस जास्त टिकली, तरी मावशीला पुरा भाव मिळेल. बचत गटाने मिळून एक बांधून बघायला काय हरकत आहे?