आवतन आले, खाते गेले
(लेखमाला : हातातला मोबाईल, लेखांक ६)

ऑगस्ट २०२५. हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर लग्नाचे आवतन आले. नंबर अनोळखी. मजकूर असा, की लग्नाला जरूर या, तारीख ३० ऑगस्ट, आणि खाली इंग्रजी सुभाषित : प्रेम ही सुखाचे दार उघडणारी गुरुकिल्ली आहे. सोबत पीडीएफसारखी दिसणारी फाईल. प्रत्यक्षात ती एपीके फाईल निघाली, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अॅप बसवणारी फाईल. तिच्यावर बोट पडले आणि बँकेतले सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले.

गुरुकिल्लीचा उल्लेख भामट्याने मुद्दाम केला असेल असे नाही. पण नेमके तेच घडले.

नांदेड, लातूर, हिंगोलीकडे आलेले आवतन न बघता बाजूला टाकायची रीत नाही. सोयरा लांबचा असला तरी पत्रिका उघडायची, मुलगी कुणाची, पाहुणे कुठले ते बघायचे, मग जायचे की नाही ते ठरवायचे. फसवणाऱ्याने ही सवय अचूक हेरली. मात्र त्याला आपली पत्रिका काही लिहिता आली नाही. आपल्याकडच्या पत्रिकेवर आधी कुलदैवत, मग दोन्हीकडच्या आजोबांची नावे, लग्नस्थळ, आणि कोपऱ्यात ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणणारी चिल्लीपिल्ली. त्या मेसेजच्या मजकुरात ना नवरदेव होता, ना नवरी, ना गाव. ज्याच्या लग्नाला जायचे त्याचेच नाव नसलेले आवतन.

अशी फाईल फोनमध्ये शिरली की पहिली मागणी करते ती एसएमएस वाचण्याच्या परवानगीची. फोन आधी बजावतो, की हे अॅप अज्ञात ठिकाणचे आहे. पण पत्रिका बघायच्या घाईत ‘अलाऊ’वर बोट दाबले जाते. त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी दोन ठिकाणी वाचला जातो, एक मालकाच्या हातात आणि एक चोराच्या. मग चोर आपल्या फोनवर त्याच नंबरचे व्हॉट्सअॅप सुरू करतो, सहा आकडी कोड टाकतो, आणि ते आवतन आता ओळखीच्या नंबरावरून भाऊबंदांच्या गटात जाऊन पडते. पैसे एकाचे जातात, पत पुढच्या सगळ्यांची वापरली जाते.

‘हॅक झाले’ हा शब्दप्रयोग म्हणूनच थोडा फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटते, कुणी तरी अंधाऱ्या खोलीत बसून कुलूप फोडले. बहुतेक वेळा कुलूप शाबूत असते. १६ डिसेंबर २०२० रोजी अभिनेत्री ऊर्मिला मातोंडकर यांचे इन्स्टाग्राम खाते गेले. त्यांनीच ट्विटरवर सांगितले, की आधी मेसेज येतो, खाते पडताळण्यासाठी काही पायऱ्या पूर्ण करायला सांगतो आणि मग खाते जाते. त्यांनी मुंबईच्या सायबर पोलिसांकडे तक्रार केली, पुढे खाते परतही मिळाले. त्याच वर्षी १५ जुलैला खुद्द ट्विटरमध्ये शिरकाव झाला. बराक ओबामा, जो बायडेन, इलॉन मस्क यांच्यासह १३० खाती लक्ष्य झाली. सूत्रधार निघाला फ्लोरिडातला १७ वर्षांचा पोरगा. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना फोन करून, बोलण्यात गुंतवून आत जायची वाट मिळवली होती. मोठ्या माणसांभोवती सांभाळणाऱ्यांची फळी असते, तरी २१ सप्टेंबर २०२५ रोजी उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या एक्स खात्यावर पाकिस्तान आणि तुर्कस्तानचे झेंडे झळकलेच. पाऊण तासाच्या आत खाते ताब्यात आले, ते त्या फळीमुळे. मुखेडच्या किराणा दुकानदारामागे अशी फळी नसते.

आपल्याकडे तर गोष्ट आणखी एक पाऊल मागून सुरू होते. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत नवा फोन घेतला, की दुकानातला मुलगाच जीमेल काढून देतो. ‘काका, पासवर्ड काय ठेवू?’ ‘ठेव की तुझ्या मनानं.’ मग नाव आणि एक-दोन-तीन, नाहीतर मोबाईल नंबरच पासवर्ड होतो. घाई असली तर रिकव्हरी नंबर दुकानाचा. त्याच जीमेलवर पुढे फेसबुक, यूट्यूब, मुलाचा परीक्षेचा अर्ज, सगळे उभे राहते. त्या मुलाच्या मनात वाईट नसेलही. पण घर एकाचे आणि किल्ली दुकानाच्या गल्ल्यात, अशी ही व्यवस्था. ‘पासवर्ड मजबूत ठेवा’ हा उपदेश इथे गैरलागू ठरतो, कारण काकांना तो माहीतच नसतो. पहिले काम हेच : फोनच्या सेटिंगमधले गूगल खाते उघडून रिकव्हरी नंबर आणि ईमेल कुणाचे आहेत ते बघणे आणि स्वतःचे टाकणे. पासवर्ड नवा करून घरातल्या वहीत लिहिला तरी चालेल. हॅकर मुखेडला येऊन वही चाळत नाही.

नंबराचेही तसेच. कंधार-मुखेडच्या तांड्यांवरून ऊसतोडीला गेलेला माणूस सहा महिने दुसऱ्या मुलखात असतो. घरी ठेवलेल्या सिमचे रिचार्ज राहते. बराच काळ वापर नसलेला नंबर कंपनी बंद करते आणि निदान ९० दिवसांनी तो दुसऱ्या कुणाला देऊ शकते. फेसबुक जर त्याच नंबराला जोडलेले असेल, तर ‘पासवर्ड विसरलो’वर येणारा कोड आता नव्या धन्याकडे जाणार. सिम सोडायचे असेल तर आधी खात्यांतून नंबर बदलावा.

एक प्रकार मात्र हॅकिंगच नव्हे. एखाद्या गुरुजींचा फोटो आणि नाव उचलून दुसरे खाते उघडायचे, त्यांच्या मित्रांना रिक्वेस्ट पाठवायची आणि दवाखान्याचे कारण सांगून पैसे मागायचे. हा शुद्ध तोतया. पेशवाईत पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया १७७६ मध्ये देहान्त शिक्षेपर्यंत भल्याभल्यांना झुलवत राहिला. त्याला निदान पुण्यात तोंड दाखवावे लागले. फेसबुकच्या तोतयाला तेही लागत नाही. अशा वेळी गुरुजींनी पासवर्ड बदलून उपयोग नाही. ओळखीच्या दहा-वीस जणांकडून त्या खोट्या खात्याला रिपोर्ट करून घ्यावे आणि आपली मित्रयादी इतरांना दिसणार नाही अशी करावी. ओळखायची खूण भाषेत सापडते. जन्मात ‘का रं, जेवलास का?’ याखेरीज सुरुवात न केलेला देगलूरचा मामा एकदम ‘हाय डियर, अर्जंट ट्वेंटी थाउजंड’ म्हणू लागला, तर मामाला साधा फोन लावावा. व्हॉट्सअॅपवरचा नव्हे, नेहमीचा.

कुलपाला दुसरी कडी घालायला पाच मिनिटे लागतात. व्हॉट्सअॅपमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करून सहा आकडी पिन ठरवला, की ओटीपी चोरीला गेला तरी चोर तिथे अडतो. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून पाहावे. आपला नसलेला संगणक दिसला तर तिथूनच काढून टाकावा. नेट कॅफेत अर्ज भरायला जाणाऱ्यांनी हे विशेष करावे. फेसबुक, इन्स्टाग्रामवरही ही दुहेरी पडताळणी आहे.

आणि खाते गेलेच तर? व्हॉट्सअॅप पुन्हा आपल्या नंबरावर सुरू करावे. नवा कोड टाकताच चोर बाहेर पडतो. त्याने मधल्या वेळात स्वतःचा पिन लावला असेल तर आपल्याला आत जायला सात दिवस थांबावे लागते, पण तोही आत राहत नाही. मात्र तसली फाईल फोनमध्ये असेल तर आधी ती काढावी, नाहीतर नवा कोडही त्याच्याकडे जाईल. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो आणि वाटेतच गोठवता आला तर परत मिळण्याची आशा असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमाखाली दुसऱ्याची ओळख वा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ठाण्यात जाताना मेसेजचे स्क्रीनशॉट, तो नंबर, खात्याची लिंक, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ कागदावर उतरवून न्यावे. बहुतेक जण घाबरून सगळे चॅट आधी पुसतात आणि मग ठाण्यात जातात. ते पुसू नये.

(पुढील लेखांकात : ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असा मेसेज)