चर्च बंद, मंडळी चालू

७ मार्च २०२१ हा उपवासकाळातला तिसरा रविवार. त्या दिवशी हिंगोली जिल्ह्यातली चर्चं बंद होती. कोरोनाचे रुग्ण वाढू लागले म्हणून जिल्हा प्रशासनाने १ ते ७ मार्च अशी आठवडाभराची संचारबंदी लावली होती. शाळा, मंगल कार्यालयं आणि सगळी प्रार्थनास्थळं तिच्यात आली. राज्यभराचे कडक निर्बंध लागले ते महिनाभराने, म्हणजे दुसऱ्या लाटेचा चटका हिंगोलीकरांना बऱ्याच जिल्ह्यांच्या आधी बसला.

दारं किती काळ बंद होती?

महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं मार्च २०२० मध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली. झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे, ईस्टर (१२ एप्रिल २०२०) सगळं घरातच झालं. पुढच्या वर्षी ईस्टर ४ एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा कुलूप. ते निघालं ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी.

हे दुखणं एकट्या ख्रिस्ती समाजाचं नव्हतं. औंढ्याचं नागनाथ मंदिरही बंदच होतं. २०२० च्या आषाढीला मानाच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. नामदेवांची नरसी ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसाला याचं दुःख वेगळं सांगायला नको.

हिंगोलीची अडचण वेगळी का?

वसईसारख्या भागातल्या ख्रिस्ती वस्त्यांत शेजारीपाजारी बहुतेक एकाच चर्चचे. रविवार चुकला तरी नळावर, बाजारात गाठ पडते. हिंगोलीत तसं नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५; त्यात ख्रिस्ती अगदी मोजके, पाच तालुक्यांत विखुरलेले. कॅथलिक मंडळी १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येते आणि बिशपांचं ठाणं दोनशे किलोमीटरहून लांब. प्रोटेस्टंट आणि स्वतंत्र मंडळ्याही लहान लहान. एखाद्या गावात दोनच घरं असली, तर रविवारची उपासना हीच आठवड्यातली भेट. ती गेली की सगळंच गेलं.

यूट्यूबवरची मिस्सा पुरते का?

२७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस रोममधल्या रिकाम्या चौकात पावसात उभे राहून प्रार्थना करत होते आणि जगभरचे लोक ते घरी बसून पाहत होते. मराठी मिस्साही मोबाइलवर मिळू लागल्या. चांगलंच झालं. पण प्रक्षेपण म्हणजे विचारपूस नव्हे. पडद्यावरच्या फादरांना सेनगावच्या आजीचा खोकला ऐकू येत नाही. म्हणून छोट्या मंडळीने सुरुवात कॅमेऱ्यापासून करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवात वहीपासून करावी.

वही कशी ठेवायची?

घरागणिक एक ओळ. पुढे तीनच रकाने: कोणाकडे स्मार्टफोन, कोणाकडे साधा बटणांचा फोन, कोणाकडे काहीच नाही. वहीची खरी गरज शेवटच्या दोन रकान्यांसाठी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आमेन’ टाकणारे सापडलेलेच असतात. जे ग्रुपवर नाहीत ते हळूच गळतात आणि महिनाभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग घरं वाटून घ्यायची. एकट्या पाळकाने सगळ्यांना फोन करायचे म्हटलं तर दुसऱ्याच आठवड्यात तो थकतो. चर्चमधले वडील, महिला मंडळातल्या बाया, कॉलेजची पोरं अशा प्रत्येकाकडे पाच-सहा घरं. फोनवर आधी तब्येत, मग रेशन, औषधं, आणि प्रार्थना शेवटी. ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांच्यासाठी शेजाऱ्याचा नंबर लिहून ठेवायचा. शेजारी कोणत्या धर्माचा, हे तिथे कोणी बघत नाही.

वेळेचंही भान हवं. रविवारी सकाळी दहा ही चर्चची वेळ झाली, शेताची नव्हे. मार्चात वसमतकडे हळद शिजवायची घाई असते; कुकर पेटला की माणूस तिथून हलत नाही. अशा घरी रात्री जेवणं उरकल्यावर फोन लावलेला बरा.

फोनवर गाणं जमतं का?

एकत्र नाही जमत. साध्या फोनवरही पाच-सहा जणांची कॉन्फरन्स लागते, पण आवाज मागेपुढे पोहोचतो. सगळे गायला लागले की नुसता कल्ला होतो. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी आपापला फोन म्यूट करून घरातल्या घरात सूर धरायचा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं जुन्या पिढीला तोंडपाठ असतात, त्यामुळे पुस्तक शोधावं लागत नाही. आवाज बारीक येत असेल तर फोन रिकाम्या स्टीलच्या पेल्यात उभा ठेवावा; खोलीभर ऐकू येतो.

प्रभुभोजनाचं काय?

इथे मात्र पंथागणिक वाट वेगळी. कॅथलिकांत ख्रिस्तशरीर फोनवरून किंवा पडद्यावरून घेता येत नाही. ते मनाने स्वीकारण्याची प्रार्थना जुनी आहे, तीच तेव्हा कामी आली. मार्च २०२० मध्ये रोमने पवित्र आठवड्याचे विधी लोकांविना करायला सांगितले आणि पाय धुण्याचा विधी त्या वर्षी वगळला. प्रोटेस्टंटांत काही मंडळ्यांनी घरोघरी भाकर आणि द्राक्षरस ठेवून फोनवर प्रभुभोजन घेतलं, तर काहींनी एकत्र येईपर्यंत थांबायचं ठरवलं. मला थांबणाऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं, पण ज्याचा त्याचा निर्णय.

याआधी साथीच्या काळात चर्चबाहेर प्रार्थना झालीय का?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा गिरगाव-वांद्र्याच्या ख्रिस्ती वाड्यांतून रस्त्याकडेला क्रूस उभे राहिले. वाडीतले लोक त्यांच्यासमोर जपमाळेची प्रार्थना म्हणत. त्यातले कित्येक क्रूस आजही जागेवर आहेत.

कुलूप निघाल्यावर?

अंत्यविधीला वीसच माणसं, या नियमाने अनेक घरांचा दुखवटा अर्धवट राहिला होता. अशा घरी दारं उघडल्यावर आधी जायला हवं. आठवणीची प्रार्थना तेव्हाही चालते. शिवाय प्रार्थनास्थळं उघडली तरी ६५ वर्षांवरच्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी घरीच राहावं अशी सूचना होती, म्हणजे वहीचं काम संपलं नव्हतं. आणि लकव्याने अंथरुणाला खिळलेली, डोळ्यांनी दिसेनाशी झालेली माणसं तर कोरोनाच्या आधीपासून चर्चला येत नव्हती. वहीत त्यांची नावं नसतील, तर ती आता लिहावीत.