घरी जुळविलेल्या संगणकासाठी वीजपुरवठा संचाची निवड : धायरी येथील एका अनुभवाच्या आधारे विवेचन

प्रस्तावना

संगणकाची जुळणी घरी करणाऱ्या व्यक्तीचे लक्ष बहुधा प्रोसेसर, रॅम व ग्राफिक्स कार्ड यांवर केंद्रित असते. बाजारात एसएमपीएस या नावाने परिचित असलेला वीजपुरवठा संच मात्र कॅबिनेटसोबत मिळेल तो स्वीकारला जातो. घरातील २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या दिष्ट प्रवाहात रूपांतर करणे हे या संचाचे कार्य होय. तो अपुरा पडल्यास काय घडते, याचा प्रत्यय प्रस्तुत लेखकास धायरी येथील राहत्या घरी आला. स्थापत्यशास्त्र शिकणाऱ्या मुलीसाठी जुळविलेला संगणक, प्रकल्पाचे त्रिमितीय चित्रण सुरू होताच बंद पडू लागला. सादरीकरणास चारच दिवस उरले होते.

छापील वॅट आणि प्रत्यक्ष क्षमता

संचावर ४५० वॅट असे ठळक अक्षरांत छापलेले होते. तथापि बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या वाहिनीपुढे १६ अँपिअर एवढाच आकडा होता. व्होल्ट व अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. येथे तो १९२ भरतो. उरलेली क्षमता ५ व ३.३ व्होल्टच्या वाहिन्यांवर दाखविलेली होती. जुन्या संगणकांत या वाहिन्यांना महत्त्व होते. परंतु २००० साली पेंटियम ४ आल्यापासून प्रोसेसरचा भार १२ व्होल्टकडे सरकला आणि आज जवळजवळ सर्व वीज तेथूनच घेतली जाते. म्हणून ठळक आकडा बाजूस ठेवून हा तक्ता वाचावा, हे उत्तम.

आता मागणी पाहू. कोअर आय-५ १२४०० या प्रोसेसरची मूळ क्षमता ६५ वॅट सांगितली जाते, पण पूर्ण वेगात तो ११७ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड १७० वॅट घेते. दोहोंची बेरीज २८७ होते. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी व पंखे यांचे साधारण ६० वॅट मिळविले असता सुमारे ३५० वॅट होतात. ग्राफिक्स कार्डाची मागणी काही सहस्रांश सेकंदांसाठी याहून पुष्कळ वर उसळी घेते. शिवाय स्वस्त संचांची क्षमता अनेकदा २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते, जी पुण्याच्या एप्रिलमध्ये बंद कॅबिनेटमध्ये संभवत नाही. यास्तव ४० ते ५० टक्के अधिक क्षमता धरावी. ५५० वॅटचा खात्रीचा संच येथे पुरेसा ठरतो. ८५० वॅट घेणे हा निव्वळ हौसेचा भाग.

विक्रेत्याने ग्राफिक्स कार्डासाठी हार्ड डिस्कच्या जोडणीतून काढलेली एक कन्व्हर्टर वायर दिली होती. आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट वाहणे अपेक्षित असते. ती वायर हातास गरम लागत होती. संचालाच ही जोडणी नसेल, तर तो त्या कार्डासाठी बनविलेलाच नाही असे समजावे.

कार्यक्षमतेच्या ८० प्लस या प्रमाणनाची बरीच चर्चा होते. सरासरी १५० वॅटचा भार रोज ५ तास, वर्षातून ३०० दिवस धरला, तर ७५ व ८८ टक्के कार्यक्षमतेतील फरक वर्षाला सुमारे ४५ युनिट भरतो. युनिटला १० रुपये धरले तरी बचत ४५० रुपयांचीच. प्रमाणन पाहावे ते बिलापेक्षा कमी उष्णतेसाठी.

यूपीएसचा प्रश्न

नवा संच बसविल्यावर चित्रण सुरळीत झाले. पण दुसऱ्याच दिवशी वीज क्षणभर गेली आणि संगणक पुन्हा बंद पडला. दोष नव्या संचाला दिला गेला, तो चुकीचा होता. ६०० व्हीए क्षमतेचा घरातील यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच देऊ शकत होता. संगणकाचे ३५० वॅट ८५ टक्के कार्यक्षमतेने भागले असता भिंतीतून सुमारे ४१० वॅट खेचले जातात. मॉनिटरचे ३० वेगळे. त्यामुळे ६०० वॅट देणारा १००० व्हीएचा यूपीएस घ्यावा लागला. वीज गेल्यावर यूपीएस बॅटरीवर येण्यास साधारण १० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतो. चांगला संच आपल्या कपॅसिटरमधील साठ्यावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. हलक्या संचात नेमका हाच कपॅसिटर लहान असतो.

अर्थिंग

कॅबिनेटला हात लागताच मुंग्या येत, त्याचेही खापर संचावरच फुटले होते. वस्तुतः संचाच्या गाळणीतील कपॅसिटर अल्पसा प्रवाह कॅबिनेटकडे वळवितात व तो अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावा अशी योजना असते. तार तुटलेली असल्यास कॅबिनेटवर ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. इलेक्ट्रिशियनने फेज व अर्थ यांच्या दरम्यान मीटर लावले, तेव्हा २३० ऐवजी निम्माच आकडा आला. सॉकेटची अर्थिंगची तार मीटरच्या पेटीत जोडलेलीच नव्हती. ती जोडल्यावर मुंग्या थांबल्या.