काष्टीच्या बरोबर पाठीमागचं डेन्व्हर

काष्टी गावच्या शनिवारच्या बैलबाजारात लांबून आलेल्याला ‘कुठून आलात?’ विचारलं, की गावाच्या नावाबरोबर ‘पहाटे तीनला निघालो’ हेही ऐकायला मिळतं. वाट तासांत मोजायची ही जुनी रीत. लेक अमेरिकेला निघाली की घरचेही तेच विचारतात: पोचायला किती तास?

उत्तरासाठी भिंतीवरचा नकाशा सोडून शाळेतला पृथ्वीगोल घ्या. काष्टी साधारण 18.5 अंश उत्तर अक्षांश आणि 74.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. तिथे दोऱ्याचं एक टोक धरा आणि दुसरं, समजा लेक तिथे निघाली आहे, अमेरिकेतल्या डेन्व्हरपर्यंत ताणा. नकाशात अमेरिका पश्चिमेला, अटलांटिकपलीकडे दिसते. दोरा मात्र थेट उत्तरेला धावतो. श्रीनगरजवळून, नंगा पर्वताच्या बाजूने, सायबेरिया ओलांडून तो उत्तर ध्रुवापाशी पोचतो आणि कॅनडावरून डेन्व्हरला उतरतो. डेन्व्हर 105 अंश पश्चिम रेखांशावर, म्हणजे गोलावर काष्टीच्या जवळजवळ बरोबर पाठीमागे आहे.

आता हिशेब सोपा. काष्टी ते ध्रुव 71.5 अंश, ध्रुव ते डेन्व्हर सुमारे 50 अंश. अक्षांशाच्या एका अंशाचे 111 किलोमीटर धरले, तर होतात साधारण साडेतेरा हजार. नकाशावर पट्टी ठेवून पश्चिमेची वाट धरली, तर हाच आकडा सतरा हजारांच्या पुढे जातो.

ताशी 900 किलोमीटरने साडेतेरा हजारांना पंधरा तास लागतात. पण आकाशातही वारा आणि सीमा आहेत. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. म्हणून मुंबईहून लंडनला जाताना बहुधा जास्त वेळ लागतो, परतताना कमी. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला.

वेळ विमानावरही ठरतो. 8 जून 1948 ला मुंबईहून निघालेलं एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान कैरो, जिनिव्हा करत 10 जूनला लंडनला पोचलं. आज तोच सुमारे 7,200 किलोमीटरचा पल्ला नऊ-दहा तासांत संपतो. पृथ्वी तेवढीच राहिली, विमानं बदलली.

आता लेकीच्या तिकिटाकडे वळू. त्यावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करू नका. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात, आणि डेन्व्हरचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, उन्हाळ्यात साडेअकरा. प्रवासाचे एकूण तास वेगळे छापलेले असतात, ते वाचा. त्यात काष्टी ते मुंबईचा रस्ता आणि विमानतळावर तीन तास आधी हजर राहणं मिळवा. लेकीचा प्रवास घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. तिची वाट तिथूनच मोजा.