सात फूट रुंदीचें घर

प्रवासाचे जे अनेक प्रकार आहेत, त्यांत कुटुंबानें मिळून करावयाचा प्रवास हा सर्वांत कठीण होय. आगगाडींत किंवा विमानांत घरचीं सहा माणसें बसलीं, तरी प्रत्येकजण आपापल्या आसनापुरता प्रवासी असतो. नेणारा दुसराच, वाढणारा दुसराच. मुक्कामीं पोंचल्यावर खोल्याही निराळ्या. सहल संपते, छायाचित्रें उरतात, आणि आपण एकत्र गेलों होतों याचा पुरावा म्हणून तींच काय तीं कामीं येतात. परंतु घर, वाहन व मुक्काम हीं तिन्ही जेथें एकच, आणि जें घरच्या माणसांनींच चालवावें लागतें, असें एक वाहन इंग्लंडांत आहे. तेथील कालव्यांवर चालणाऱ्या लांब, अरुंद होडीस 'नॅरोबोट' म्हणतात. अशा होडींत आम्हीं सहकुटुंब सात दिवस काढले. त्याचा वृत्तांत वाचकांस केवळ मनोरंजक नव्हे, तर थोडा उपयोगीही वाटेल, अशी आशा आहे.

अमरसिंहानें आपल्या कोशांत 'कुल्या' म्हणजे लहानशी कृत्रिम नदी, असा अर्थ दिला आहे. आपल्याकडे कालवा म्हटला कीं शेतास पाणी पुरविणारा पाट डोळ्यांपुढें येतो. पुण्याच्या लोकांस मुठेचा कालवा ठाऊक आहे, पण त्यांतून कोणी प्रवासास निघाल्याचें ऐकिवांत नाहीं. इंग्लंडांतील कालवे मात्र मुख्यतः माल नेण्यासाठींच खणले गेले. ब्रिजवॉटरच्या तिसऱ्या ड्यूकच्या वर्स्ली येथें कोळशाच्या खाणी होत्या. तेथून मँचेस्टरकडे त्यानें जो कालवा खणविला, त्याचा पहिला भाग १७६१ सालीं सुरू झाला, आणि मँचेस्टरांत कोळसा पुष्कळच स्वस्त झाला. या कामाचा स्थापत्यकार जेम्स ब्रिंड्ली याचें शालेय शिक्षण जवळजवळ झालेंच नव्हतें. तथापि कालवा नदीच्या डोक्यावरून पुलानें नेण्याचें धाडस त्याचेंच. पुढें त्यानें खणलेल्या कालव्यांवर पाण्याच्या दरवाजांची रुंदी सुमारें सात फूट ठेविली गेली. म्हणून होडीही तेवढीच रुंद, आणि लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. काठावरून चालणारा एक घोडा पंचवीस टन माल सहज ओढून नेई.

रेल्वे आली आणि हें वैभव ओसरूं लागलें. १९४८ सालीं बहुतेक कालवे सरकारच्या ताब्यांत गेले. १९६२-६३ च्या हिंवाळ्यांत ते कित्येक आठवडे गोठून राहिले, आणि उरलीसुरली मालवाहतूकही मोडली. ते बुजून जावयाचे, पण एल. टी. सी. रोल्ट यांनीं १९४४ सालीं आपल्या जलप्रवासावर लिहिलेलें पुस्तक लोकांनीं आवडीनें वाचलें, त्यांतून १९४६ सालीं कालव्यांच्या रक्षणासाठीं एक संघ निघाला, आणि स्वयंसेवकांनीं चिखल उपसून कित्येक मार्ग पुन्हां खुले केले. २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील सुमारें दोन हजार मैलांचे जलमार्ग एका सार्वजनिक न्यासाकडे आहेत. ज्या होडींतून कोळसा जाई, तिच्यांत आतां सुटीचीं कुटुंबें जातात.

आमच्या कुटुंबाचा प्रश्न निराळा होता. आमचे चिरंजीव व सूनबाई इंग्लंडांत नोकरी करितात. 'आई-बाबा, दर उन्हाळ्यांत चार महिने आमच्याकडे या,' हा त्यांचा आग्रह. यापूर्वीं आम्ही उभयतां दोनदां गेलों होतों. दोन्ही वेळां सेवा उत्तम झाली, आणि दोन्ही वेळां आम्हीं परतीचे दिवस मोजले. सकाळीं आठाला घर रिकामें होई. भांडीं घासावयास जावें, तर यंत्र घांसतें; भाजी चिरावयास घ्यावी, तर सूनबाई म्हणत, 'आई, तुम्ही बसा. विश्रांती घ्या.' चाळीस वर्षें मुलांस शिकविणाऱ्या मनुष्यास आणि तितकींच वर्षें दहा माणसांचें घर चालविणाऱ्या गृहिणीस 'तुम्ही बसा' या दोन शब्दांइतकी कठोर शिक्षा दुसरी नाहीं. या खेपेस कायमचा नकार कळवावा, असें आमचें जवळजवळ ठरलें होतें; सहल संपली कीं सांगूं, असा विचार होता.

जून महिन्यांत नॉर्दम्प्टनशरमधील ब्राउनस्टन या गांवीं आम्ही होडींत चढलों. ऑक्सफर्ड कालवा व ग्रँड युनियन कालवा येथें एकमेकांस मिळतात. होडी पोलादी, डिझेलच्या एंजिनावर चालणारी; आंत स्वयंपाकाची ओटी, गॅसची शेगडी, न्हाणी, निजावयाच्या फळ्या आणि कोळशाची एक लहान चूल. दोन माणसें समोरासमोर आलीं, तर एकास मागें सरावें लागतें. चालविण्यास परवाना लागत नाहीं; होडी देणारा मनुष्य तासभर शिकवून सोडून देतो. वेगाची कमाल मर्यादा ताशीं चार मैल. काठावरून फिरावयास निघालेला म्हातारा सहज आपल्या पुढें निघून जातो.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला कीं होडीचें तोंड उजवीकडे वळतें, आणि तेंही कांहीं क्षणांनंतर. आमच्या तेरा वर्षांच्या नातीस हें पहिल्या दिवशींच साधलें. तिच्या वडिलांस तिसऱ्या दिवशीं. समोरून दुसरी होडी आली म्हणजे उजवीकडे व्हावयाचें. नऊ वर्षांचा नातू पुलांवरील आंकडे नकाशाशीं पडताळून ओरडून सांगे. प्रत्येक पुलास क्रमांक असतो.

खरी परीक्षा 'लॉक' नांवाच्या ठिकाणीं. इंग्रजींत हा शब्द कुलुपासही आहे. आम्ही त्यास 'पाण्याची पायरी' म्हणूं लागलों. टेंकडी चढावयाची म्हणजे पाणी तर चढत नाहीं. म्हणून दोन्ही टोकांस दरवाजे असलेला एक हौद बांधलेला असतो. होडी खालच्या दरवाजानें आंत घ्यावयाची, तो बंद करावयाचा, आणि लोखंडी हँडलानें वरच्या झडपा उघडावयाच्या. पाणी भरूं लागतें, होडी त्याबरोबर वर येते. दोन्हीकडचें पाणी एका पातळीस आलें, कीं वरचा अवजड दरवाजा पाठीनें रेटून उघडावयाचा. पातळींत दोन बोटांचा फरक असला, तरी चार पहिलवानांच्यानें तो हलत नाहीं. आणि पाणी समान झालें, कीं म्हातारा माणूसही उघडूं शकतो. येथें बळापेक्षां धीर उपयोगी पडतो, आणि धीर हें वृद्धांचें भांडवल आहे. उतरतांना एक धोका असतो: वरच्या दरवाजाखालीं दगडी उंबरा असतो, होडीचा मागचा भाग त्यावर अडकला, तर पाणी उतरतांच होडी उलटूं शकते. म्हणून सुकाणूवरील मनुष्यानें पांढऱ्या रेघेच्या पुढें राहावें, आणि झडपेवरील मनुष्यानें त्याच्यावरून नजर हलवूं नये. ही नजर ठेवण्याचें काम आमच्याकडे आलें. वर्गावर नजर ठेवण्याची संवय आम्हांस होतीच.

ब्राउनस्टनच्या सहा पायऱ्या चढून, बोगद्यांतून जाऊन, बकबीच्या सात पायऱ्या उतरावयाच्या. या मार्गावरील हौद दुप्पट रुंद असल्यानें दोन होड्या शेजारीं शेजारीं मावतात, व तसें केल्यानें पाणी वांचतें. त्यामुळें अनोळखी कुटुंबाची वाट पाहणें हा येथील शिष्टाचार आहे. एका वृद्ध इंग्रज दांपत्याबरोबर आम्ही तीन पायऱ्या उतरलों. सौभाग्यवतींनीं त्यांस थालीपीठ दिलें. इंग्रजी न बोलतां त्या दोघींचें दरवाजे कसे रेटावेत याविषयीं पूर्ण एकमत झालें.

पांचव्या दिवशीं ब्लिस्वर्थचा बोगदा लागला. त्याची लांबी ३,०७६ यार्ड, म्हणजे पावणेदोन मैल. बाकीचा कालवा १८०० सालीं तयार झाला. पण पहिला बोगदा खणतांना पाणी शिरून तो फसला, व नवा १८०५ सालीं पुरा झाला. आंत घोड्यास वाट नाहीं. घोडा डोंगरावरून जाई, आणि माणसें फळीवर उताणीं निजून पायांनीं भिंती रेटीत होडी पुढें नेत. आम्ही दिवा लावून आंत शिरलों. वरून पाणी ठिबकत होतें. अर्ध्या तासानंतरही पलीकडचें तोंड टिकलीएवढेंच दिसत होतें. नातू आमच्या कुशींत येऊन बसला. घरीं तो क्वचितच बसतो.

पलीकडे स्टोक ब्रुअर्न येथें कालव्याचें संग्रहालय आहे. तेथें जुन्या होडीकऱ्यांची खोली पाहिली आणि मन हेलावलें. सुमारें दहा फूट लांब व सात फुटांहून अरुंद अशा त्या जागेंत आईबाप आणि त्यांचीं सर्व मुलें राहत. दारांवर गुलाब आणि किल्ल्यांचीं चित्रें, पितळ घासून लखलखीत. पण मुलें शाळेंत कशीं जाणार? होडी आज येथें, तर उद्यां वीस मैल पुढें. जॉर्ज स्मिथ नांवाच्या सुधारकाच्या चळवळीनें १८७७ व १८८४ सालीं कायदे झाले, तरी चालत्या घरांतील मुलांस अक्षरओळख होणें दुर्घटच राहिलें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ पासून, पांढरपेशा घरांतील तरुणी शिकून या कालव्यावर माल वाहूं लागल्या. तिघीजणी मिळून दोन होड्या चालवीत. आमच्या नातीनें ती हकीकत दोनदां वाचली आणि दुसऱ्या दिवशीं सुकाणू कोणास देईना.

सर्व गोड होतें असें नव्हे. दोन दिवस सारखा पाऊस पडला. न्हाणीचें पाणी जपून वापरावें लागे. निजावयाची फळी वृद्ध पाठीस मानवत नाहीं, आणि खर्चही साध्या हॉटेलाहून कमी नाहीं. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनीं चढउतार आधीं पाहून घ्यावा. स्वयंपाकाच्या ओट्याशीं सासूसुनांस एका वेळीं उभें राहतां येईना. तेव्हां पहिल्या संध्याकाळीं थोडी कुरबूर झाली. दुसऱ्या दिवशीं सूनबाईंनीं हँडल उचललें आणि म्हणाल्या, 'आई, आंतलें सारें तुमच्याकडे. मी बाहेर.' त्यानंतर सहा दिवस 'तुम्ही बसा' हे शब्द कोणीं उच्चारले नाहींत. कारण बसावयास कोणास सवडच नव्हती.

परतीच्या दिवशीं आम्हीं चिरंजीवांस आमचें उत्तर सांगितलें: 'दर उन्हाळ्यांत येऊं, पण आम्हांस पाहुणे करूं नका, काम द्या. नातवास मराठी व गणित आम्ही शिकवूं, आठवड्यांतून चार दिवस स्वयंपाक तुमची आई करील, आणि त्यांत कोणीं हात घालावयाचा नाहीं.' चिरंजीव कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, 'बाबा, तुम्हांला त्रास नको म्हणून आम्ही सारें करीत होतों.' त्यांचें खरेंच होतें; त्रास वांचविण्यांत प्रेमच होतें. फक्त त्या प्रेमाला कामाची जोड नव्हती.

एकत्र कुटुंब एका छपराखालीं राहिल्यानें टिकतें, असा सर्वसाधारण समज आहे. आम्हांस आतां वाटतें कीं, तें एकमेकांच्या गरजेवर टिकतें. ज्या घरांत आजोबांवांचून कांहीं अडत नाहीं, आणि मुलांवांचूनही कांहीं अडत नाहीं, तें घर कितीही मोठें असो, त्यांत माणसें सुटीं सुटींच राहतात. वाचकांपैकीं ज्यांस इंग्लंडास जाणें घडेल, त्यांनीं ही होडी अवश्य पाहावी. ज्यांस घडणार नाहीं, त्यांनीं एवढें तरी करावें: घरांतील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान माणसाकडे एकेक काम खऱ्या अर्थानें सोंपवावें, आणि तें त्यांनीं हळू केलें तरी हातांतून काढून घेऊं नये. पाण्याची पातळी समान होईपर्यंत थांबलें, कीं दरवाजा उघडतोच.