बाटलीतील उष्मा, बाटलीतील ओल

जेम्स सिंडेन या अमेरिकी संशोधकाने निर्जंतुक केलेल्या धान्याच्या दाण्यांवर अळिंबीचे कवकजाल वाढविण्याच्या पद्धतीचे पेटंट १९३२ साली मिळविले. तोपर्यंत अळिंबीचे बियाणे म्हणजे लिदीच्या खतात वाढविलेल्या कवकाच्या विटा किंवा ढेकळे असत, आणि ती फोडून वाफ्यात पुरणे हाच बागाईतदारांचा शिरस्ता होता. सिंडेनच्या युक्तीचे मर्म असे, की धान्याचा प्रत्येक दाणा कवकाला लागणारे अन्न आणि पाणी एकाच सालीच्या आत बाळगून असतो, आणि बाटली हलवून दाणे मोकळे करताच एकेक दाणा स्वतंत्र बीज म्हणून उपयोगी पडतो. हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९८३ साली राष्ट्रीय केंद्र म्हणून स्थापन झालेल्या अळिंबी संशोधन संस्थेपासून पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी प्रकल्पापर्यंत सर्वत्र बियाणे याच पद्धतीने तयार होते. आणि ज्यांना खात्रीचे मातृबियाणे आणून त्याची वाढ घरीच करण्याची हौस आहे, अशा गृहस्थांना व गृहिणींनाही हाच मार्ग मोकळा आहे.

तथापि हौस आणि सिद्धी यांच्या दरम्यान जो दोन-तीन आठवड्यांचा उबवणीचा काळ जातो, त्यात उष्णतेचा बंदोबस्त निराळा आणि ओलाव्याचा निराळा असे समजून चालणारे लोक बहुधा फसतात. बंद बाटलीत ही दोन खाती वेगळी नसतात.

ओलाव्याचा हिशेब बाटली भरण्यापूर्वीच पुरा करावा लागतो, कारण एकदा बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा बसला की त्यात जमाही करता येत नाही आणि खर्चही. आपल्याकडे गहू किंवा ज्वारी घेतात. माझा कौल ज्वारीला आहे. दाणा लहान असल्यामुळे तेवढ्याच वजनात बीजे अधिक मिळतात, आणि बेताने शिजवली तर ती गव्हापेक्षा कमी चिकटते. किलोभर स्वच्छ, अखंड, कीटकनाशक न लावलेली ज्वारी रात्रभर भिजत घालावी. या भिजवण्याने दाणा फुगतो हे तर खरेच, परंतु त्याहून मोठा लाभ असा, की उष्णतेला दाद न देणारे जिवाणूंचे सुप्त बीजाणू ओलाव्याने जागे होतात आणि जागे झालेले जिवाणू पुढे वाफेच्या तडाख्यात सहज मरतात. सकाळी पाणी बदलून ज्वारी मंद आचेवर उकळावी. दाणा बोटांत दाबला असता दबला पाहिजे, मात्र त्याची साल फुटता कामा नये. कारण फुटलेल्या दाण्यातून बाहेर पडणारे पिष्ट शेजारच्या दाण्यांना चिकटवून गोळा करते, गोळ्याच्या आत हवा शिरत नाही, आणि जिथे हवा नाही व ओल भरपूर आहे तिथे कवकाऐवजी जिवाणूंचा अंमल बसतो.

उकळलेली ज्वारी रोवळीत निथळत ठेवून मग स्वच्छ सुती फडक्यावर पातळ पसरावी आणि पंख्याखाली अधूनमधून हाताने परतावी. या टप्प्यावर घाई करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मूठभर दाणे वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवून हलके दाबावेत: कागदावर ओलसर डाग उमटला तर ज्वारी अजून तयार नाही, दाणे कागदावरून कोरडे घरंगळले, पण दातांखाली मऊ लागले, तर तयार आहे. ज्याला हाताच्या अंदाजावर विश्वास नसेल त्याने तराजू वापरावा. किलोभर कोरड्या ज्वारीत सुमारे दहा-बारा टक्के पाणी मुळातच असते. तीच ज्वारी शिजून सुकल्यावर १.६ ते १.७५ किलो भरली, म्हणजे तिच्यातील पाण्याचे प्रमाण ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास आले असे समजावे. यानंतर कोरड्या धान्याच्या वजनाच्या दोन टक्के जिप्सम आणि अर्धा टक्का खडूची भुकटी मिसळतात. जिप्समने दाणे सुटे राहतात आणि खडूने आम्लता आटोक्यात राहते. बाटल्या दोन-तृतीयांश भराव्यात, म्हणजे पुढे हलवायला जागा उरते. निर्जंतुकीकरणाविषयी एवढेच सांगतो, की कुकरमध्ये चौरस इंचाला १५ पौंडांचा दाब, म्हणजे १२१ अंश सेल्सिअस, किमान दीड तास टिकला पाहिजे, तळाचे पाणी तेवढा वेळ पुरले पाहिजे, आणि कापसाच्या बोळ्यावर वाफेचे पाणी ठिबकू नये म्हणून त्यावर जाड कागद किंवा अॅल्युमिनियमची फॉइल बांधली पाहिजे.

बाटल्या पूर्ण थंड झाल्यावर मातृबियाणे घालून त्या उबवणीला ठेवल्या, की कारभार उष्णतेच्या हाती जातो. धिंगरी अळिंबीच्या कवकजालाला २३ ते २७ अंश सेल्सिअस मानवते, दुधी अळिंबीला २८ ते ३२, आणि भाताच्या काडावरील अळिंबीला ३० ते ३५. तेव्हा कोणत्या जातीचे बियाणे आहे हे न विचारता उबेची तजवीज करू नये. शिवाय खोलीचा उष्मा आणि बाटलीचा उष्मा हे एकच नव्हेत. कवक श्वसन करते, आणि धान्यातील पिष्ट पचविताना पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता निर्माण करते. वाढ जोमात असताना बाटलीच्या गाभ्याचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी वर चढते. हिवाळ्यात विरजणाचे भांडे शालीत गुंडाळतात तशा बाटल्या घट्ट गुंडाळून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की विरजणाला श्वास घ्यावयाचा नसतो आणि त्याचे काम एका रात्रीत उरकते. इथे मात्र सजीव भट्टी पंधरा-वीस दिवस तेवत असते. बाटल्यांमध्ये दोन-तीन बोटांचे अंतर ठेवावे आणि तापमापक खोलीच्या भिंतीवर नव्हे, तर बाटल्यांच्या मधोमध ठेवावा.

परंतु तापमान किती, या प्रश्नापेक्षा ते किती स्थिर, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दुपारी ३० अंश आणि पहाटे १६ अंश अशा देशावरील हिवाळी खोलीत बाटली ठेवली, तर दिवसा दाण्यांतून बाहेर पडलेली वाफ पहाटे गार झालेल्या काचेवर दवासारखी जमते, ओघळून तळाशी उतरते, आणि रोज हाच क्रम चालू राहिल्याने वरचे दाणे कोरडे पडतात व तळाचे दाणे पाण्यात बसतात. बाटलीतील एकूण पाणी तेवढेच असते. बिघडते ती त्याची वाटणी. ज्वारी कितीही काटेकोर सुकवली तरी तळाशी आंबूस, करड्या रंगाचा चिकट थर का धरतो, या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा दाण्यात नसून खोलीत असते. यावर साधा उपाय म्हणजे थर्मोकोलची जाड पेटी, तिच्यात पाण्याने भरलेल्या दोन-तीन झाकणबंद बाटल्या, आणि थंडी असेल तर थर्मोस्टॅटला जोडलेला कमी वॉटचा बल्ब. पाण्याच्या बाटल्या उष्णता सावकाश घेतात आणि सावकाश सोडतात, त्यामुळे चढउतार सौम्य होतो. बल्ब बियाण्याच्या बाटल्यांपासून आणि थर्मोकोलपासून दूर असावा, आणि बाटल्या व बल्ब यांच्यामध्ये आडोसा असावा, कारण एकाच बाजूने तापणारी बाटली दुसऱ्या बाजूस घाम धरते.

उन्हाळ्यात विदर्भात अडचण उलट असते. तेथील कोरड्या हवेत ओले गोणपाट किंवा कूलर तापमान चांगले उतरवतात. कोकणातील दमट हवेत मात्र बाष्पीभवनच फारसे होत नसल्याने तोच उपाय निष्फळ ठरतो, आणि घरातील सर्वांत गार, अंधारी खोली शोधणे एवढेच हाती राहते. गोणपाट लावलेच तर ते पेटीच्या बाहेर असावे. अळिंबीच्या पिकाला ८५ टक्के आर्द्रता लागते हे कुठेतरी वाचून उबवणीच्या खोलीतही पाणी फवारणारे उत्साही लोक असतात. ती आर्द्रता पुढे फळधारणेच्या वेळी हवी असते. उबवणीच्या वेळी लागणारी सगळी ओल दाण्यातच आहे, आणि बाहेरची ओल फक्त कापसाच्या बोळ्यात मुरून हिरव्या बुरशीला आत येण्याची मुभा देते. पावसाळ्यात बोळे रोज पाहावेत, आणि खोलीतला ओला कपडा प्रथम बाहेर काढावा.

आठव्या-दहाव्या दिवशी, पांढरे जाळे निम्म्या बाटलीत पसरल्यावर, बाटली तळहातावर हलकेच आपटून हलवावी. दाणे मोकळे होतात आणि कवकाचे तुकडे सर्वत्र पोचतात. एक-दोन दिवस बाटली फिकी दिसते, मग झपाट्याने भरते. कडेला पिवळसर थेंब जमत असतील तर उष्मा जास्त झाला किंवा जिवाणूंशी झगडा चालू आहे असे समजावे. हिरवा, काळा किंवा नारिंगी डाग दिसलेली बाटली कदापि घरात उघडू नये; न उघडता पुन्हा कुकरमध्ये शिजवून मगच रिकामी करावी.

धिंगरीचे पूर्ण भरलेले बियाणे लगेच वापरायचे नसेल तर फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवावे आणि महिनाभरात संपवावे. भाताच्या काडावरील अळिंबीचे बियाणे मात्र तिथे मरते. ते १५ अंशांखाली नेऊ नये.