शहर आणि खेडे यांच्यामधील गावे
(कोल्हापूरभोवतीच्या पेठांच्या निमित्ताने)

परिसर अभ्यासाच्या तासाला विद्यार्थ्यांना जिल्ह्याचा नकाशा स्मरणाने काढावयास सांगितला, तर बहुतेकांच्या कागदावर दोनच गोष्टी उमटतात. मध्यभागी जिल्ह्याचे शहर, आणि एका कोपऱ्यात आपले गाव. या दोहोंना जोडणारी एक सरळ रेघ ओढली की नकाशा पुरा झाला, असे मुलांना वाटते. त्या रेघेवर जे गाव लागते, जेथे बापाने बियाणे घेतले, आईने डॉक्टरला दाखविले, थोरल्या भावाचे नाव हायस्कुलात घातले, ते गाव मात्र नकाशात येत नाही. मुलांचा यात दोष नाही. आपल्या बोलण्यात व पाठ्यपुस्तकात ‘शहर’ आणि ‘खेडे’ असे दोनच शब्द असतात. आणि जे ना पुरते शहर, ना पुरते खेडे, त्याला आपण आजवर नीटसे नाव दिलेले नाही. जुन्या माणसांचा ‘पेठ’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा आहे, म्हणून या लेखात तोच वापरला आहे.

उदाहरणासाठी कोल्हापूर शहर व त्याच्या सभोवारच्या पेठा घेऊ. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३८ लाख ७६ हजार होती. कोल्हापूर शहराची साडेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे सात माणसांतील एकच कोल्हापूर शहरात राहत होता. उरलेल्या सहांचे दैनंदिन व्यवहार कागल, हुपरी, पेठ वडगाव, जयसिंगपूर, कुरुंदवाड, मुरगूड, गडहिंग्लज, मलकापूर, गारगोटी अशा गावांशी अधिक जडलेले असतात. इचलकरंजीही याच मालिकेतील. परंतु ती आता पेठ राहिलेली नाही. २०११ साली तिची वस्ती २ लाख ८७ हजारांवर गेली होती आणि २०२२ मध्ये तेथे महानगरपालिका झाली.

ही गावे एकाच कारणाने वाढलेली नाहीत, हे विद्यार्थ्यांच्या मनावर प्रथम ठसविले पाहिजे. पुष्कळदा असे शिकविले जाते की शहर मोठे झाले व त्याच्या वाढीतून भोवतालची गावे निर्माण झाली. वस्तुस्थिती निराळी आहे. कागल हे घाटगे घराण्याच्या जहागिरीचे ठाणे होते. कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते व १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले, म्हणजे कोल्हापूर संस्थानाच्याही एक वर्ष आधी. सेनापती कापशी हे संताजी घोरपड्यांच्या वंशजांचे ठाणे. तेथील चांभारांच्या कौशल्यामुळे ‘कापशी’ हे एका चपलेचेही नाव झाले. इचलकरंजीच्या जहागिरीचा मूळपुरुष नारो महादेव हा याच संताजी घोरपड्यांच्या पदरी होता व धन्यावरील निष्ठेपोटी त्याने घोरपडे हे आडनाव धारण केले. ही ठाणी कोल्हापूर शहराची उपांगे नव्हती. प्रत्येक ठिकाणी स्वतःचा वाडा, स्वतःची कचेरी, स्वतःचा बाजार व त्या बाजारापुरते का होईना, स्वतःचे जग होते.

पन्हाळ्याची गोष्ट त्याहून वेगळी. गड म्हणून त्याचे महत्त्व कोल्हापूरच्या भरभराटीच्या फार पूर्वीचे आहे. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा चौथीच्या मुलांनाही ठाऊक असतो. एके काळी राजधानीचा मान मिळालेल्या या गावाची वस्ती आज तीन हजारांच्या घरात आहे, आणि तरीही तेथे नगरपरिषद आहे. याउलट त्याच्या अनेकपट वस्तीची काही गावे दीर्घकाळ ग्रामपंचायतीखालीच राहिली. वस्तीच्या आकड्यावरून गावाची प्रतिष्ठा ठरत नाही, हे दाखविण्यास याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

जयसिंगपूरचा इतिहास मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण हे गाव वाढले नाही, वसविले गेले. कोल्हापूर ते मिरज हा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापूर स्थानकालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ स्थापिली व गुळाच्या व्यापाराला तेथे आणले. उसाचा मळा एका गावी, गुऱ्हाळ त्याच मळ्यात, पण गुळाचे रवे विकावयाचे तर अडत्याचे दुकान आणि आगगाडी जवळ हवी, हा त्यामागील सरळ विचार होता. त्याच विचाराने १९१७ मध्ये पूर्वेकडे शिरोळ रोड स्थानकानजीकच्या मोकळ्या माळावर नवी पेठ आखण्यात आली आणि तिला महाराजांचे जनक पिता जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले गेले. आधी रस्ते आखले, मग घरे आली. त्यामुळे या गावात जुन्या गावांतील वाकड्यातिकड्या बोळांऐवजी काटकोनात मिळणारे रस्ते आढळतात आणि गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक दिलेले आहेत. मुलांना सहलीस नेता आले तर प्रथम कुरुंदवाडच्या जुन्या वस्तीतून व नंतर जयसिंगपुरातून चालवावे. आपोआप झालेले गाव व आखलेले गाव यांतील भेद त्यांना व्याख्येवाचून कळेल.

आणखी एक गोष्ट शिक्षकवर्गाच्या लक्षात यावी अशी आहे. जयसिंगपूर वसविले गेले त्याच १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. पेठ व शाळा या एकाच राज्यकर्त्याच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी होत्या. हिशेब मांडता येणारा शेतकरी नसेल तर पेठ वसवून तिचा लाभ अडत्यालाच व्हावयाचा, हे त्या राज्यकर्त्यास उमगले असले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

लोहमार्ग सर्वांच्याच वाट्याला आला नाही. इचलकरंजीला आजही रेल्वेस्थानक नाही. तरीही तेथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग चालविला आणि हातमागाच्या गावाचे रूपांतर यंत्रमागाच्या नगरात होऊ लागले. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे त्याला प्रोत्साहन होते. या गावाकडून मुलांनी शिकावयाचा धडा असा की, एक धंदा आपल्याबरोबर अनेक धंदे आणतो. सूत आले की त्याला खळ देणारे सायझिंगचे कारखाने आले. कांड्या भरणारे, माग दुरुस्त करणारे, सुटे भाग ओतणारे, कापड वाहून नेणारे आले. त्यांना जेवण पुरविणाऱ्या खानावळी आल्या. मग कर्नाटकातून आणि उत्तरेकडील राज्यांतून मजूर आले, व त्यांची मुले भोवतालच्या शाळांच्या पटावर आली. ज्या शिक्षकाच्या वर्गात घरी मराठी न बोलणारी चार मुले बसतात, त्याने ती अडचण म्हणून न पाहता ‘तुझ्या गावाहून येथवर तू कसा आलास’ हा प्रश्न भूगोलाचा पाठ म्हणून घ्यावा.

हुपरीचा चांदीकामाचा धंदा याहून घरगुती आहे. चांदी बाहेरून येते. ती आटविणे, तार ओढणे, कड्या जोडणे, डाख देणे, घुंगरू बसविणे आणि शेवटी झळाळी आणणे ही कामे निरनिराळ्या घरांत, पुष्कळदा स्त्रियांच्या हातून होतात, व तयार पैंजण परराज्यांतील बाजारांत जातात. हुपरीजवळच्या खेड्यांतूनही हे काम चालते. अशा घरांतील मुलगी शाळेतून आल्यावर खेळावयास जात नाही, आईशेजारी कामास बसते. तिचा अभ्यास मागे का पडतो, हे तिच्या घरी एकदा जाऊन आल्यावर समजते. गुणपत्रक पाहून समजत नाही.

आता ‘नगर’ कशास म्हणावे, या प्रश्नाकडे वळू. कायद्याने जेथे नगरपरिषद, नगरपंचायत अथवा महानगरपालिका आहे ते नगर होय. महाराष्ट्रात १९६५ च्या कायद्यान्वये नगरपरिषदांचे लोकसंख्येप्रमाणे तीन वर्ग आहेत: एक लाखावरील ‘अ’, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’, त्याखालील ‘क’. जनगणना खाते आणखी एक कसोटी लावते. ज्या गावाची वस्ती किमान ५,००० आहे, जेथे दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे राहतात, आणि जेथील काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीखेरीज अन्य व्यवसायांत आहेत, ते ग्रामपंचायतीखाली असले तरी जनगणनेपुरते नगर मानले जाते. हुपरी २०११ मध्ये अशीच होती. नगरपरिषद तेथे पुढे झाली. या व्याख्येत केवळ पुरुषांचीच गणना का, असा प्रश्न एखादी चुणचुणीत मुलगी विचारील. त्या प्रश्नाला बगल देऊ नये. हुपरीच्या स्त्रियांचे काम आकड्यांत का दिसत नाही, याचे उत्तर तेथूनच सुरू होते.

शहराच्या सान्निध्याने पेठेचे हित होते की अहित, याविषयी एकच एक नियम सांगता येत नाही. कागल कोल्हापूरपासून वीस किलोमीटरच्या आत, महामार्गावर. लग्नाचा बस्ता बांधावयाचा तर कागलचा माणूस कोल्हापुरास जातो. म्हणून कापडाची मोठी दुकाने तेथे फारशी वाढत नाहीत. परंतु कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीमुळे सकाळी उलट दिशेनेही माणसांचा ओघ लागतो. गडहिंग्लज याउलट दूर, हिरण्यकेशीच्या काठी. अंतरामुळेच तेथे स्वतःची बाजारपेठ, रुग्णालये व महाविद्यालये उभी राहिली. संकेश्वरी मिरचीच्या सौद्यांना कर्नाटकातूनही शेतकरी येतात. वस्तुतः या पेठांचे वर्तुळ राज्याची सीमा मानीत नाही. निपाणी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली, पण कागल तालुक्यातील शेतकऱ्याचा निपाणीच्या बाजाराशी असलेला संबंध काही तुटला नाही. मुलांच्या नकाशात निपाणी आली तर ती खोडू नये.

पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या संगमाने बनते व नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही वर्षी या नद्यांना महापूर आला. २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला व जिल्ह्याचे शहर आसपासच्या गावांपासून तुटले. त्या दिवसांत शिरोळ तालुक्यातील पूरग्रस्तांना आसरा, औषध व धान्य देण्याचा भार उंचावरील जयसिंगपुरासारख्या गावांवर पडला. शहर तुटते तेव्हा पेठ काय करते, हे ज्यांनी अनुभवले ते पालक अद्याप गावात आहेत. त्यांना वर्गात बोलावून बोलते करावे.

येथवरचे विवेचन भूगोलाचे झाले. परंतु आपल्यापुरता कळीचा विषय पुढेच आहे. आपल्या पुष्कळ शाळा चौथीपर्यंत, काही सातवीपर्यंत असतात. त्यानंतर मुलाला खेडे सोडून कोठेतरी जावे लागते, आणि ते ‘कोठेतरी’ म्हणजे सहसा जिल्ह्याचे शहर नसून जवळची पेठ असते. पेठेतील हायस्कूल आणि तिकडे जाणारी एस.टी. या दोन गोष्टींवर मुलाचे, त्यातही मुलीचे, पुढील शिक्षण ठरते. थोर शिक्षणतज्ज्ञ व कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव डॉ. जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. ग्रामीण शिक्षणाचा प्रयोग करावयाचे ठरविले तेव्हा त्यांनी मौनी विद्यापीठासाठी मोठे शहर न निवडता भुदरगड तालुक्यातील गारगोटी निवडली. डोंगराळ मुलखातील मुलाला पोहोचता येईल अशा ठिकाणी शाळा हवी, हा त्यातील अर्थ आजही शिळा झालेला नाही.

ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो, हे पालकांना ठाऊक असते. पण गाडी शाळा भरण्याच्या वेळेची नसेल, किंवा संध्याकाळची शेवटची फेरी अंधार पडल्यावर गावात येत असेल, तर पासाचा उपयोग काय? मुलगी आठवीच्या दिवाळीनंतर शाळेत जाईनाशी होते, आणि विचारले तर ‘तिला आवड नाही’ असे उत्तर मिळते. ज्या शाळेच्या शेवटच्या वर्गातून ती बाहेर पडली, त्या शाळेच्या शिक्षकाने हे उत्तर मान्य करू नये.

यासाठी करावयाचे काम लहान आहे. वर्गातील प्रत्येक मुलाने घरी विचारून यावे: खत-बियाणे कोठून येते, आजारपणात कोणत्या गावी नेतात, बँक कोठे, दाखला कोठे मिळतो, जनावर कोणत्या बाजारी विकले, आणि थोरली भावंडे कोणत्या शाळेत जातात. उत्तरे फळ्यावर मांडून गावागणिक रेघा ओढल्या की सर्वांत जाड रेघ कोणत्या पेठेकडे जाते ते दिसेल. मग त्या रस्त्यावरील गाड्यांच्या वेळा मुलांकडूनच लिहून घ्याव्यात आणि शेजारी हायस्कुलाची भरण्या-सुटण्याची वेळ लिहावी. दोन्हींचा मेळ बसत नसेल, तर तो तक्ता मुख्याध्यापकांच्या पत्रासह व ग्रामपंचायतीच्या ठरावासह संबंधित आगार व्यवस्थापकांकडे पाठवावा. हे काम सातवीची परीक्षा होण्यापूर्वी, शक्य तर माघ महिन्यातच उरकावे. कारण जूनमध्ये शाळा उघडल्यावर फेरीची वेळ बदलून मिळेपर्यंत आठवीचे पहिले सत्र संपलेले असते.